पूर्वेस ओहळ, पश्चिमेस वारस

वडिलांनी मुळगावात घेतलेल्या जागेचा दस्त अजून पत्र्याच्या पेटीत आहे. पोर्तुगीज भाषेतला, तिरक्या अक्षरांतला, कडेने वाळवी लागलेला. वडिलांना पोर्तुगीज येत नव्हते. कुणीतरी वाचून कोकणीत सांगितले आणि त्यांनी चार सीमा तेवढ्या ध्यानात ठेवल्या. पूर्वेस ओहळ, पश्चिमेस अमक्याचे वारस, उत्तरेस कोमुनिदाद म्हणजे गावकीची जमीन, दक्षिणेस पाणंद. जागा किती, असे कुणी विचारले की ते म्हणायचे, "फणसापासून ओहळापर्यंत." त्या दस्तावर विकणाऱ्याच्या बायकोचा अंगठा आहे. वडील तो मुद्दाम दाखवायचे. १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात १८७०पासून चालतो, आणि त्यात नवऱ्याला एकट्याने घरदार विकता येत नाही.

ही पेटी परवा उघडली ती भाच्यामुळे. तो इंग्लंडात, स्विंडनला असतो. फ्लॅट घेतोय. फोनवर म्हणाला, "मामा, वकील म्हणतो फ्लॅट लीजहोल्ड आहे. ९९ वर्षांतली काही संपलीसुद्धा. म्हणजे मी विकत घेतोय की भाड्याने?" त्याला म्हटले, "अरे, तुझ्या आजोळी ह्याच प्रश्नावर लोकांची हयात गेली."

तिथला हिशेब त्याने मला समजावला. फ्रीहोल्ड म्हणजे घर आणि जमीन दोन्ही तुमची. लीजहोल्ड म्हणजे ठरल्या वर्षांपुरता हक्क, खालची जमीन दुसऱ्याची. फ्लॅट बहुतेक लीजहोल्डच. शिल्लक वर्षे ८०च्या खाली गेली की लीज वाढवून घेणे महाग पडते आणि बँकही कर्ज द्यायला कुरकुरते. ३० जून २०२२पासूनच्या नव्या लांब लीजवर भुईभाडे घेता येत नाही. जुन्या लीजवर ते चालूच आहे. मी म्हटले, आमच्याकडे ह्याला फोर म्हणतात. कोमुनिदादची जमीन आफोरामेंतवर, म्हणजे कायमच्या पट्ट्यावर, घेतली की वर्षाला फोर भरायचा आणि पिढ्यान्पिढ्या राहायचे. फरक एवढाच की आमची लीज संपत नसे.

आणि मुंडकाराच्या हातात तर कागदच नसे. भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, माडाखाली झोपडी बांधू दिली, त्याने माड राखले, लग्नाकार्याला राबला, आणि तीन पिढ्या तिथे मोठ्या झाल्या. पेडण्यात माझी आत्या दिली होती. शिवोली-चोपडे पूल नव्हता, फेरीतून जायचो. तिच्या सासरच्या अंगणात एक म्हातारा पहाटे नारळ मोजत बसायचा. मी त्याला घरातलाच समजायचो. तो मुंडकार. घर त्याचे, भिंती त्याच्या हातच्या, पण पावळीचे पाणी पडते ती जागा भाटकाराची. तेव्हा शब्दाला किंमत होती, असे आमच्या वयाचे लोक उसासा टाकून सांगतात. होती ना. भाटकाराच्या शब्दाला.

गोव्याच्या मुक्तीनंतर ह्या शब्दांची कलमे झाली. १९६४चा कूळ कायदा, १९७५चा मुंडकार कायदा, १९७६ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती, जिने कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार ठरले. पण ठरणे वेगळे आणि नावावर येणे वेगळे. मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात तारखांना येणारी म्हातारी माणसे मी बघितली आहेत. पुढे त्यांची मुले यायला लागली, मग नातवंडे.

१९७०च्या दशकात सर्व्हेवाले आले. वडील दिवसभर त्यांच्यामागून फिरले. संध्याकाळी खूश होते, कारण आता नकाशा होणार, आकडा येणार. एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा हातात पडला तेव्हा कळले की फणस शेजाऱ्याच्या सर्व्हे नंबरात गेला. वडील कचेरीत गेले. "हरकत तेव्हाच घ्यायला हवी होती," असे उत्तर मिळाले. ओहळ मात्र नकाशावरही ओहळच राहिला.

भाच्याला सगळ्यात नवल वाटले ते ह्याचे. तिकडे लँड रजिस्ट्रीत नाव चढले की तोच मालकीचा पुरावा आणि त्याला सरकारची हमी. इथे एक-चौदावरचे नाव म्हणजे उलटे सिद्ध होईपर्यंत खरे धरायचे नाव. मालकी शोधायला मागे जावे लागते. पोर्तुगीज दस्त, रजिस्ट्रीतली देस्क्रिसांव, महसुलातली मात्रीज, आणि बाप वारला असेल तर वारसांची इन्व्हेंटरी झाली का ते. मुलींचा वाटा मुलांइतकाच, आणि लग्न सामाईक मालमत्तेचे असेल तर जावयाचीही सही. मुंबईत सासुरवाडीच्या जमिनीवर जावई सही करायला आला तर चर्चा होईल. पेडण्यात तो आला नाही तर व्यवहार अडतो.

मये गावाची गोष्ट ह्याहून विचित्र. डिचोलीहून काही मिनिटांवर, तळ्यासाठी प्रसिद्ध. तिथला जमीनदार, लोक ज्याला मयेचा कोंद (काउंट) म्हणत, पोर्तुगालला निघून गेला आणि गावची जमीन स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. गोवा मोकळा झाला, मयेकर मात्र आपल्याच अंगणात परवानगीने राहिले. भाटकार गेला आणि सरकार भाटकार झाले. मोर्चे झाले, उपोषणे झाली. २०१४ साली कायदा आला, त्यानंतर सनदा वाटायला सुरुवात झाली. पन्नासहून अधिक वर्षे. भाच्याची अख्खी लीज ९९ची.

आता मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३पासून सुरू आहे आणि पेडण्यात जमीन बघायला येणारे दिल्लीचे लोक गाडीची काच खाली करून भाव विचारतात. आत्याच्या सासरी वाटण्या झाल्या नाहीत, पण दलाल महिन्यातून दोनदा येतो. तो मोबाईलवर नकाशा उघडतो, बोटाने मोठा करतो आणि सांगतो, "क्लिअर टायटल." मी एकदा त्याच्याकडे एक-चौदा मागितला. त्याने दाखवला, अंगठ्याने खालचा भाग झाकून. खाली कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना होता. त्या रकान्यात एक नाव होते. नारळ मोजणाऱ्या म्हाताऱ्याचे.

म्हातारा केव्हाच वारला. त्याचा नातू आज त्याच घरात राहतो, आणि खेड्यातल्या मुंडकाराला घरासह ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत मागता येते, हे त्याला दलालापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पेडण्यात किंवा डिचोलीत जागा घेणार असाल तर वकील लावाच. पण त्याआधी दलालाला न घेता एकदा या, शेजारच्या घरी चहा प्या आणि ओहळ कुणाचा ते विचारा.