उसवण्याची विद्या

वारासिवनीच्या हातमागाचे लुगडे जीर्ण झाले, तरी आम्हा बालाघाटकरांना ते टाकवत नाही. त्याच्या बोटभर पट्ट्या फाडून जाड क्रोशाच्या सुईने गोल आसन विणले, तर आईचे वस्त्र नातवंडांच्याही उपयोगी पडते.

या कामातील खरी गुरू म्हणजे चूक. आसन सपाट राहायचे तर पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६ अशी सारखी भर हवी. कारण प्रत्येक फेरीने त्रिज्या सारखीच वाढते, तेव्हा परीघही सारखाच वाढला पाहिजे. भर उणी पडली की कडा उचलून टोपली होते. अधिक झाली की झालर पडते. ही चूक तत्काळ दिसत नाही, दोन-तीन फेऱ्यांनंतर प्रकटते. त्या वेळी ‘धुतल्यावर बसेल’ ही समजूत व्यर्थ होय.

सुदैवाने क्रोशात एकच फास सुटा असतो. सुई काढून पट्टी ओढावी, खांब मोजत मागे जावे आणि चुकल्या जागेपासून पुनश्च आरंभ करावा. कापड वाया जात नाही. जातो तो वेळ.

कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डायना ताइमिना यांनी १९९७ साली अशीच जादा भर बुद्ध्या घालून युक्लिडहून निराळ्या भूमितीचे पृष्ठ विणले. तेथे झालर हेच साध्य होते. आमच्या आसनाच्या दुमडलेल्या कडेत मात्र वृद्धांचा पाय अडखळेल. म्हणून भगिनींनो, फेरी संपताच खांब मोजावे, आणि उसवताना हात आखडू नये.