नोकरीच हवी, असे आम्हीही म्हणत होतो

आमच्या घरात 'धंदा' हा शब्द चांगल्या अर्थाने कधी वापरलाच गेला नाही. "नसते धंदे करू नकोस," एवढाच त्याचा उपयोग. शिकावे, नोकरीला लागावे, दर महिन्याच्या सात तारखेला पगार घरी आणावा, ही आमची सरळ समजूत. ती चुकीची होती असे आजही आम्ही म्हणत नाही. पण तिच्यापलीकडेही काही असते, हे आमच्या थोरल्या लेकीने आम्हांला दाखवले. त्या चार-पाच वर्षांत आम्ही नवरा-बायको जे शिकलो, जे भोगले, ते समाजबांधवांना सांगावेसे वाटले म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही मूळचे जालना जिल्ह्यातले. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग लागली. त्या रांगेत १९९३ साली आम्हांलाही भाकरी मिळाली. आमच्यापैकी एकाने सव्वीस वर्षे प्रेस चालवला, दुसरीने रांजणगावात घरी शिलाई मशीन चालवले. प्रेसने घर उभे केले आणि डाव्या हाताची दोन बोटेही नेली. २०१९ मध्ये गाड्यांचा खप घसरला, कंपनीने माणसे कमी केली आणि आम्ही घरी बसलो. ग्रॅच्युइटी आणि फंड मिळून हातात पावणेसहा लाख रुपये आले. एवढी रक्कम एकदम आम्ही आयुष्यात पाहिली नव्हती. लेकीचे लग्न आणि धाकट्याचे शिक्षण, असे मनात तिचे दोन वाटे करून ती बँकेत ठेवली.

थोरलीने आपल्याच शहरातल्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा डिप्लोमा केला होता. ही केंद्र सरकारच्या लघुउद्योग मंत्रालयाखालची संस्था. ज्या डायखाली बापाची बोटे गेली, ती डाय बनते कशी हे पोरगी शिकली. मग तीन वर्षे एका कारखान्याच्या टूल रूममध्ये नोकरी केली. २०२१ च्या पावसाळ्यात एका रात्री जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मला स्वतःचे वायरकटचे मशीन टाकायचे आहे."

वायरकट म्हणजे काय, हे वाचकांना थोडक्यात सांगतो. पाव मिलिमीटर जाडीची पितळी तार असते. तिच्यातून वीज सोडली की ठिणग्या पडतात आणि तार कडक पोलादही लोण्यासारखे कापत जाते. सगळे पाण्यात चालते आणि माप संगणक धरतो. डायचे भाग, गेज, फिक्श्चर यांना हे काम लागते. प्रत्येक छोट्या कारखानदाराला असे महागडे मशीन परवडत नाही, म्हणून तो बाहेरून कापून घेतो. जेवढे चौरस मिलिमीटर कापले तेवढे बिल. लेकीचा हिशेब होता की आपल्या भागात हे काम बारा महिने आहे.

आम्ही दोघांनीही विरोध केला. "आपल्यात कोणी धंदा केलाय? बुडालो तर मागे कोण उभे राहील?" असे विचारले. ती चिडली नाही. तिने आम्हांलाच उलट विचारले, "बाबासाहेबांनी काय केले होते?" तिने सांगितले ते आम्हांला ठाऊक नव्हते. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला आल्यावर बाबासाहेबांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला तो माणूस! पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. आम्ही म्हणालो, "बघ, त्यांचीही चालू दिली नाही." ती म्हणाली, "म्हणून तर पुन्हा काढायची." यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पहिल्या बँकेत आम्ही तिच्याबरोबर गेलो. साहेबांनी कागद चाळले आणि घराचे कागद मागितले. आमचे घर गुंठेवारीतले, त्याची नोंदच धड नाही. मग ते म्हणाले, "मुलगी आहे. उद्या लग्न होऊन सासरी जाईल. हप्ते कोण भरणार?" पोरगी समोर बसली होती, पण प्रश्न बापाला होता. बाहेर आलो तर एक इसम भेटला. दहा टक्के द्या, फाईल मंजूर करून आणतो, म्हणाला. खोटे कशाला बोलावे, त्या रात्री आम्ही त्याला पैसे द्यायच्या तयारीत होतो. आयुष्यभर आपली कामे अशीच झाली, तेव्हा हेही असेच व्हायचे, असे वाटले.

लेकीने हात धरला. तिच्या टूल रूममधला एक जुना विद्यार्थी स्वतःचे वर्कशॉप चालवत होता. त्याने तिला महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रात पाठवले. हे केंद्र १९८८ पासून आहे आणि त्याचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. आम्ही इतकी वर्षे स्टेशन भागातून ये-जा केली, पण तेथे आपले काय काम, असे समजून कधी आत पाऊल टाकले नाही. अनुसूचित जातीच्या तरुणांसाठी तेथे वेळोवेळी विनाशुल्क वर्ग निघतात. प्रकल्प अहवाल कसा लिहायचा, मशीनचे कोटेशन कसे घ्यायचे, जीएसटी काय, चालू भांडवल काय, हे सगळे ती तेथे शिकली. अहवाल तिने स्वतः लिहिला. पुढच्या बँकेत साहेबांनी आडवेतिडवे प्रश्न विचारले, तेव्हा तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागले नाही. अहवाल विकत घेणाऱ्याला हे जमत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

त्या वेळी केंद्र सरकारची स्टँड अप इंडिया योजना चालू होती. ती ५ एप्रिल २०१६ ला सुरू झाली आणि तिची मुदत ३१ मार्च २०२५ पर्यंत होती. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि महिला उद्योजकांना दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत कर्ज, आणि घर गहाण न ठेवता हमी निधीचे संरक्षण, असे तिचे स्वरूप होते. त्यातच राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने डिसेंबर २०२० मध्ये एक निर्णय काढला. अनुसूचित जाती व नवबौद्ध नवउद्योजकाने दहा टक्के स्वतःचे घालावेत, पंधरा टक्के शासन देईल आणि पंचाहत्तर टक्के बँकेचे कर्ज. आमचा प्रकल्प वीस लाखांचा होता. म्हणजे दोन लाख आमचे, तीन लाख शासनाचे, पंधरा लाख बँकेचे.

दुसऱ्या बँकेने फेब्रुवारी २०२२ मध्ये कर्ज मंजूर केले. घरात पेढे आले. पण शासनाचे तीन लाख मागाहून येणार होते आणि मशीनवाल्याला पैसे आधी हवे होते. लेक काही बोलली नाही. दोन दिवस घरात कोणी कोणाशी नीट बोलत नव्हते. शेवटी आम्हीच बँकेत गेलो आणि आणखी तीन लाख काढून दिले. उरलेले पाऊण लाख गाळ्याच्या अनामत रकमेत आणि वीजजोडणीत गेले. सव्वीस वर्षांची कमाई, दोन बोटांसकट, त्या गाळ्यात गेली. लग्नाचा वाटाही गेला आणि धाकट्याच्या शिक्षणाचाही. तो बारावीत होता. एवढेच म्हणाला, "ताई फेडील." आमच्या डोळ्यांना मात्र बरेच दिवस झोप नव्हती.

अनुदानाचे तीन लाख अकरा महिन्यांनी आले. त्यातून धाकट्याची फी भरली. पण ते अकरा महिने कसे गेले ते आमचे आम्हांला माहीत. कार्यालयात गेले की "वरून निधी आला नाही" हे उत्तर ठरलेले. म्हणून सांगतो, अनुदान आहे म्हणून धंदा काढू नका. अनुदान उशिरा आले तरी धंदा तग धरील, असा हिशेब आधी करा.

पाटीवर नाव काय घालायचे, हाही एक प्रश्न झाला. ओळखीच्या काहींनी आडनाव घालू नका असे सुचवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. लेकीने पाटीवर आजीचे नाव घातले आणि खाली आपले पूर्ण नाव, आडनावासकट. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. एक कारखानदार पहिले काम देऊन गेला. दुसऱ्यांदा स्वतः गाळ्यावर आला, फोटोकडे पाहिले, चहाही घेतला नाही. त्यानंतर त्याचे काम आले नाही. दुसरे काही कारणही असेल, पण आपल्या माणसाला ती नजर ओळखू येते. आम्ही घाबरून म्हणालो, फोटो घरी लावू या. ती म्हणाली, "माप चुकले तर मी पैसे परत देईन. फोटो काढणार नाही." बाकीचे टिकले. कारण काम वेळेवर जाते आणि माप बरोबर येते.

जो टिकतो तो एकट्याने टिकत नाही, हेही आम्ही पाहिले. मशीन पहिल्यांदा बंद पडले तेव्हा शेजारच्या गाळेवाल्याने तिचे अडलेले काम रात्री आपल्या मशीनवर कापून दिले. तो आपल्या समाजाचा नाही. मोजमापाची महागडी यंत्रे ती विकत घेऊ शकत नाही, तर वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये फी भरून तपासणी होते. लघुउद्योजकांची 'मसिआ' संघटना आहे. ज्यांच्याजवळ अगदी नवी कल्पना, नवे उत्पादन आहे, त्यांच्यासाठी 'मॅजिक' ही संस्था आहे आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात अटल इन्क्युबेशन सेंटर आहे. ज्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी आपल्या माणसांनी लाठ्या खाल्ल्या, घरे जळालेली पाहिली, त्याच विद्यापीठात आज पोरे नव्या उद्योगाची आखणी करतात. १४ जानेवारी १९९४ ला आम्ही त्या गेटवर होतो, तेव्हा असे काही मनातही आले नव्हते. मिलिंद महाविद्यालयाने आपल्याला पदवी दिली, आता पदवीच्या पुढचे दार उघडायचे आहे. पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी 'डिक्की' ही दलित उद्योजकांची संघटना स्थापन केली, तीही याच वाटेवरची.

सगळे गोड आहे असे नाही. मोठ्या अडचणी दोन आहेत. एक, पैसे वेळेवर मिळत नाहीत. २००६ चा कायदा सांगतो की छोट्या उद्योगाचे बिल फार तर पंचेचाळीस दिवसांत चुकते करावे, नाही तर चक्रवाढ व्याज द्यावे. प्रत्यक्षात नव्वद दिवस जातात. तक्रार करायची सोय आहे, पण तक्रार केली की गिऱ्हाईक तुटते. लेक आता नव्या गिऱ्हाइकाकडून निम्मे पैसे आधी घेते. दुसरी अडचण हप्त्याची. सहा महिने फक्त व्याज होते, मग महिना सुमारे सव्वीस हजारांचा हप्ता सुरू झाला. एकदा दोन हप्ते थकले, तेव्हा आईची पोत सोनाराकडे गेली. ती सोडवून आणली, पण तो महिना आम्ही विसरणार नाही.

ज्या घरात एखादे पोर असे काही म्हणत असेल, त्यांना चार गोष्टी सांगतो. जातीचा दाखला आणि वैधता आधी करून ठेवा. १९९० पासून केंद्राच्या सवलती बौद्धांनाही आहेत, पण कागद अपुरा असेल तर हक्क असूनही हात रिकामा राहतो. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. स्टँड अपची मुदत संपली म्हणून निराश होऊ नका. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन २०१९ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. त्यात अनुसूचित जातीच्या अर्जदाराला शहरात पंचवीस आणि ग्रामीण भागात पस्तीस टक्के अनुदान ठेवलेले आहे, स्वतःचे पाच टक्के लागतात. केंद्राच्या खरेदी धोरणात २०१२ पासून अनुसूचित जाती-जमातींच्या छोट्या उद्योगांसाठी चार टक्के खरेदी राखून ठेवली आहे, हेही पोरांना सांगा. आणि सर्वांत महत्त्वाचे, आधी काम शिका, मग मशीन घ्या. आमच्या लेकीने तीन वर्षे दुसऱ्याच्या मशीनवर हात बसवला नसता, तर आमचे पावणेसहा लाख पाण्यात गेले असते.

आज गाळ्यात तिघे कामाला आहेत, दोन मुले आणि एक मुलगी. कर्ज अजून फिटलेले नाही. लग्नाचे विचारले की ती म्हणते, "हप्ता भरणारा नको, मशीन समजणारा बघा." शोध चालू आहे!

आमच्यापैकी एक आता रोज सकाळी गाळ्यावर जातो, झाडलोट करतो, पाणी भरतो, आल्या-गेल्याची वही लिहितो. परवा प्रेसवर काम करणारा एक तरुण पोरगा डायचा भाग घेऊन आला. सही करताना त्याची नजर आमच्या डाव्या हातावर गेली. आम्ही त्याला बसवले, चहा दिला आणि विचारले, "प्रेसला सेफ्टी गार्ड आहे का रे?" तो म्हणाला, नाही. लेकीने आतून ऐकले. बाहेर येऊन त्याच्याकडून प्रेसचे माप लिहून घेतले आणि म्हणाली, "तुझ्या साहेबाला सांग, गार्डचे भाग आम्ही कापून देऊ. पहिल्याचे पैसे नकोत."

जयभीम.