मटण स्ट्रीटवरचे घड्याळ

मुंबईत वेळ पाहायची तर राजाबाई टॉवरकडे मान वर करावी. पण घड्याळाचे पोट पाहायचे असेल तर चोरबाजार गाठावा. क्रॉफर्ड मार्केटपासून मोहम्मद अली रोडने उत्तरेकडे निघालात, की डोक्यावर उड्डाणपूल, दोन्ही हातांना अत्तरे, टोप्या, सुका मेवा. आणि भेंडी बाजार ओलांडून पुढे गेलात, की ग्रामोफोनच्या कर्ण्यांनी अन् जुन्या झुंबरांनी अडवलेली मटण स्ट्रीट. शुक्रवारी तिथली दुकाने बंद असतात आणि पथारीवाले रस्ता व्यापतात, म्हणून आम्ही शनिवारी गेलो.

आम्ही म्हणजे मी आणि माझा भाचा. चिरंजीवांनी पहिल्या पगारातून 2,800 रुपयांना एका बड्या स्विस घराण्याचे नाव मिरवणारे घड्याळ घेतले होते. बाजारच्या भाषेत ‘फर्स्ट कॉपी’! (नकलेलाही पहिला नंबर देणारी ही भाषा शिकवायला मला पगार मिळत नाही, हे बरे.) खोटे नाव लावून माल विकणे 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याने गुन्हा आहे, हे मी त्याला वाटेत ऐकवून घेतलेच. घड्याळ दिवसाला दहा मिनिटे पुढे पळे. अधिकृत केंद्रात नकली माल घेत नाहीत, आणि घराजवळच्या कारागिराने सर्व्हिसिंगचे 1,500 सांगितलेले. तेवढ्याच पैशांत त्याला आईसाठी दिवाळीची साडी घ्यायची होती.

“मामा, पैसे घालू की नको?”

एका जिन्याखाली टेबलापुरत्या जागेत बसलेल्या म्हाताऱ्या कारागिराने डोळ्याला भिंग लावले. तबकडीवरच्या तीन छोट्या तबकड्यांपैकी दोन नुसत्याच शोभेच्या निघाल्या. मग त्याने खणातून होकायंत्र काढून घड्याळाशेजारी ठेवले. सुई गर्रकन फिरली!

“रात्री कुठे ठेवतोस?” त्याने विचारले.

“स्पीकरवर.”

रोगाचे निदान झाले. चुंबकाने बालकमानीचे वेढे एकमेकांना चिकटतात, कमान आखूड झाल्यासारखी होते आणि घड्याळ धावू लागते. एका लहानशा यंत्रावरून त्याने ते फिरवले, आतला काटा किंचित सरकवला आणि शंभर रुपये मागितले.

“आणि सर्व्हिसिंग?” मी विचारले.

“नाम झूठा है साब, मशीन झूठी नहीं,” तो म्हणाला. अशा घड्याळांत कधी तेल नसते, कधी नको तिथे असते. तेव्हा मशीन सुटे करून धुणे अगदीच वाया जात नाही. पण आत साधे चिनी मशीन असेल तर अख्खे नवे मशीन त्या मजुरीपेक्षा स्वस्त पडते. चालेल तितके चालवावे, बंद पडले की मशीनच बदलावे. आत जपानी मियोटा असते, तर सुटे भाग मिळतात म्हणून त्याने स्वतःच पैसे घालायला सांगितले असते. शेजारच्या डब्यात त्याने जुन्या एचएमटींचे भागही जपून ठेवले होते. 1961 साली सिटिझनच्या मदतीने बंगळुरात सुरू झालेल्या त्या घड्याळ-कारखानदारीला 2016 साली टाळे लागले, तरी ती घड्याळे अजून त्याच्याकडे येतात.

“मागे तीस मीटर लिहिलंय,” भाच्याने भीत भीत विचारले, “पाण्यात चालेल ना?”

म्हातारा हसला. “हात धुताना काढून ठेव, बेटा.”

आम्ही काळबादेवीकडे वळलो. साड्यांची दुकाने बंद व्हायला अजून अवकाश होता.