नाकाबंदीवर उभे होते ते

पोलीसमामा, तुमच्या मरणाला जागा नाही.

तुकाराम ओंबळे यांच्या मरणाला आहे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला त्या रात्री गिरगाव चौपाटीपाशी त्यांनी अतिरेकी कसाबच्या बंदुकीची नळी हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेऊनही सोडली नाही. तिथे आज त्यांचा पुतळा आहे. १ मे २०१९ ला जांभुळखेड्यात नक्षलवाद्यांनी भूसुरुंगानं उडवलेल्या पंधरा पोलिसांच्या मरणालाही आहे. गडचिरोलीतला माणूस तो रस्ता बोटानं दाखवतो. तुम्ही मात्र २०२० साली गेलात, कोरोनाचा ताप आला म्हणून. रोगानं तुम्हाला चौकात गाठलं, ठाण्यात गाठलं की जेवायचा डबा उघडताना, कोण सांगणार? बॅरिकेड उचललं गेलं, रस्ता वाहता झाला आणि तुम्ही जिथे उभे होता तिथून आता दिवसभर गाड्या जातात.

मला वाटतं, तुम्ही हातांवाटे गेलात. आम्ही सगळे हात धूत होतो, दुधाची पिशवीसुद्धा धूत होतो, आणि तुम्ही त्या दिवसांत माणसांच्या हातून कागद घेत होता. औषधाची चिठ्ठी, कंपनीचं पत्र, गावाकडे कुणी वारल्याचा फोनवर आलेला निरोप. प्रत्येक थांबवलेल्या दुचाकीवर कुणाचं तरी खरं दुःख नाहीतर खोटं निमित्त बसलेलं असायचं आणि दोन्हींसाठी तुम्हाला पुढं वाकून ऐकावं लागायचं. मे महिन्यात तर मजुरांचे लोंढे ठाण्याच्या दारात आले. बिहारला जायचंय, उत्तर प्रदेशला जायचंय, झारखंडला जायचंय. अर्ज तुम्ही घेतलेत, डॉक्टरचे दाखले तपासलेत, राज्यवार याद्या केल्यात, ज्याचा नंबर लागला त्याला फोन करून बोलावून घेतलंत आणि बसमध्ये बसवून श्रमिक रेल्वेपर्यंत पोचवलंत. ज्यांना या शहरानं नाव विचारलं नव्हतं, त्यांचं नाव-गाव तुमच्या अक्षरात लिहिलं गेलं. पोलिसाच्या नोकरीत असलं काम कुणी शिकवत नाही.

काठ्याही चालल्या. भर उन्हात उठाबशा काढायला लावलेली माणसं आम्ही मोबाइलवर पाहिली. त्यांत हातावर पोट असलेलेही होते. ते चुकीचं होतं, आणि तुमच्यासाठी शोक करताना ते झाकायची मला गरज वाटत नाही. तुम्ही देव नव्हता म्हणूनच तर मेलात. तुम्हालाही भीती वाटत होती, तुमचीही साखर वाढलेली होती, बीपीची गोळी तुमच्याही खिशात होती.

एप्रिलच्या अखेरीस मुंबईत तीन दिवसांत तीन पोलीस गेले. तिघेही पन्नाशी ओलांडलेले. लगेच आदेश निघाला, पंचावन्नच्या पुढच्यांनी घरीच थांबावं. शहाणा आदेश होता, पण तीन मरणांनंतर आला. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त व्हायचं, गावाकडच्या घरावर पत्रे नवे टाकायचे, आंब्याची चार कलमं लावायची, असं ज्याचं ठरलेलं असतं तो माणूस पंचावन्नाव्या वर्षी खाकी चढवून चौकात का जातो? कारण हजेरी लागते. कारण बदली माणूस नसतो. आणि मला खात्री आहे, सोबतचं पोरगं नवीन आहे, त्याला एकट्याला कसं सोडायचं, हेही एक कारण असतं.

आणि घर? वरळीच्या, नायगावच्या बीडीडी चाळींतून कितीतरी पोलीस कुटुंबं राहत होती. १६० चौरस फुटांची खोली, मजल्यावर सामाईक संडास. टीव्हीवरून सांगत होते, वेगळ्या खोलीत राहा, वेगळं स्वच्छतागृह वापरा. कुठली वेगळी खोली? ज्या लेकराला दिवसभर पाहिलं नाही त्याला दारातूनच लांब हो म्हणायचं. महिला पोलीस घरी येत तेव्हा लहान पोरं हात पसरून धावत येत आणि आईच मागे सरके. नाकाबंदीवर माणसं अडवणं सोपं असावं त्यापेक्षा.

त्या वर्षी पंढरपुरातही तुम्ही उभे होता. एरवी आषाढीचा बंदोबस्त म्हणजे माणसांच्या पुरात पाय रोवून उभं राहणं. हरवलेल्या म्हातारीला दिंडी शोधून द्यायची, चंद्रभागेत फार आत जाऊ नका म्हणून घसा बसेस्तोवर ओरडायचं, आणि गर्दी ओसरली की कळसाला हात जोडायचे. २०२० ला पालख्या पायी आल्याच नाहीत. पादुका एस.टी.तून आल्या, गावात संचारबंदी. वारकऱ्याला वाट करून देणाऱ्या हातांनी त्या साली वारकऱ्याची वाट अडवली. तुमच्यातही माळकरी असतील. वर्षानुवर्षं वारी चालणाऱ्या माणसाला माघारी पाठवताना त्यांच्या तोंडून काय शब्द निघाले असतील, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग तुम्ही गेलात. एकेक करत, शेकड्यांनी. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह, मोजकी माणसं, तीही हातभर लांब. ज्यांनी टाळेबंदीभर दुसऱ्यांच्या अंत्ययात्रांत वीसच्या वर माणसं होऊ दिली नाहीत, त्यांच्या मागं तेवढीही नव्हती. सरकारनं ५० लाखांचं अनुदान जाहीर केलं, अनुकंपेवर नोकरीची सोयही असते. ते हवंच. पण पोरीला बापाचं तोंड पाहता आलं नाही, त्याची भरपाई कुठल्या लेखाशीर्षाखाली करणार?

दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन होतो. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळ्यांनी दहा पोलीस पडले, त्यांची आठवण म्हणून. वर्षभरात कामी आलेल्या पोलिसांची नावं त्या दिवशी वाचली जातात, शस्त्रं खाली झुकतात. माझं मागणं याहून साधं आहे. जे ज्या ठाण्याचे होते, त्या ठाण्याच्या दारात त्यांची नावं लागावीत. तक्रार घेऊन येणाऱ्याला, पासपोर्टच्या पडताळणीला आलेल्याला, चोरीला गेलेल्या मोबाइलसाठी आलेल्या कॉलेजच्या पोराला आत शिरताना वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत. हुद्दा, बक्कल नंबर आणि मूळ गाव, तिन्ही लिहा. गाव तर लिहाच. सुट्टी मागूनही त्या वर्षी त्यांना तिथे जाता आलं नव्हतं.