मेनूतली गावं

या साइटच्या मेनूत माझे प्रवासलेख गावांच्या नावांनी लावले आहेत. २०२३ साली औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव; २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. मेनूत ही नावं तीस-चाळीस ठिकाणी. पुतण्या म्हणाला, "काका, एकेक कशाला उघडता? थेट डेटाबेसमध्ये बदलू, एका ओळीत."

गंमत अशी, की वर्डप्रेस मेनूतली प्रत्येक ओळ लेखांच्याच तक्त्यात ठेवतं, फक्त पुढे प्रकार वेगळा लिहितं. मुलांच्या हजेरीपटातच शिपायाचं नाव लिहून पुढे शेरा मारावा, तसं. त्यामुळे 'अपडेट'च्या हुकुमाला 'व्हेअर' लावून प्रकार सांगितला नाही, तर लेखांची शीर्षकंही बदलतात. मागे फिरायचं बटण तिथं नाही. म्हणून आधी सगळ्या डेटाबेसची प्रत काढून ठेवली.

बाजूच्या पट्टीतल्या चौकटींना मात्र त्यानं हात लावला नाही. तिथं मजकुराआधी त्याची लांबी आकड्यात लिहिलेली असते, आणि ती अक्षरांत नव्हे, बाइटमध्ये. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळे वेगळे मोजायचे. अहमदनगर २१, अहिल्यानगर ३०! नाव बदललं आणि आकडा २१ च राहिला, की हिशेब जुळत नाही आणि चौकट रिकामी दिसते. जन्मभर वेलांट्या तपासल्या, पण वेलांटीला इतका मान कुणी दिलेला पाहिला नव्हता. त्या चौकटी आम्ही हातानंच बदलल्या.

मेनू क्षणात झाला. लेखांचे पत्ते जुनेच ठेवले, म्हणजे तुम्ही जपून ठेवलेले दुवे चालतील. मग तो म्हणाला, "लेखांतली नावंही बदलून टाकू का?"

नको म्हटलं. १९७८ साली मी एसटीनं गेलो ते औरंगाबादला. तिकिटावर, पाटीवर, कंडक्टरच्या तोंडी तेच नाव होतं. माझी बी.ए.ची पदवी नागपूर विद्यापीठाची. १९८३ साली अमरावती विद्यापीठ झालं, आमचं खामगावचं कॉलेज तिकडं गेलं, २००५ मध्ये नागपूर विद्यापीठालाही तुकडोजी महाराजांचं नाव मिळालं. कपाटातल्या कागदावर मात्र १९७२ सालचंच नाव आहे, आणि ते खरं आहे.

तेव्हा मेनूत नवं नाव, आत लेखात जुनं, असं दिसेल. अकोल्याच्या ताईनं "बदलायचं राहिलं रे" म्हणून फोन करू नये.