काथ्याचा दोर

कोकणच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाच्या आयुष्यात दोराला जे स्थान असते, ते घाटावरच्या माणसाला सांगून समजणे कठीण आहे. विहिरीच्या रहाटाला दोर, माडावर चढणाऱ्याच्या पायांत दोर, होडीला दोर, जाळ्याला दोर. आणि हे सारे दोर माझ्या बालपणी काथ्याचे असत. नारळाची सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात महिनोन्महिने कुजवून, बडवून, त्यांच्या तंतूंना पीळ देऊन केलेला हा दोर हाताला खरखरीत लागतो आणि नव्या माणसाचे तळवे सोलून काढतो. परंतु खाऱ्या पाण्यात तो लवकर कुजत नाही, आणि पाण्यावर तरंगतो. त्याच्या या तरंगण्याच्या गुणाचे मोल मला चौदा-पंधरा वर्षांचा असताना कळले, आणि त्यानंतर माझ्या आयुष्याशी त्या दोराचा जो संबंध जडला, तो आज साठी उलटल्यावरही सुटलेला नाही.

त्या काळी मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्ह्याची स्थापना १ मे १९८१ रोजी झाली, तत्पूर्वीची ही हकीकत आहे. आमच्या वाडीत एक वृद्ध गृहस्थ राहत. स्वातंत्र्यापूर्वी रॉयल इंडियन नेव्हीत भरती होऊन, पुढे भारतीय नौदलातून निवृत्त होऊन ते गावी परतले होते, आणि सारा गाव त्यांना ‘नेव्हीकाका’ म्हणूनच ओळखत असे. दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत दांडीपासून वायरीपर्यंतची पाच-दहा मुले गोळा करून, कोणाच्याही हुकमाशिवाय आणि कोणाकडून दमडीचा मेहनताना न घेता, ते आम्हांला बुडत्या माणसाला कसे वाचवावे याचे शिक्षण देत. ‘लाइफगार्ड’ हा शब्द आमच्या किनाऱ्यावर तोवर रुळलेला नव्हता, आणि आपण काही पेशाचे शिक्षण घेत आहोत, अशी आमचीही भावना नव्हती.

पोहणे आम्हां सर्वांनाच येत होते. मालवणच्या मुलाला ते कोणी शिकवावे लागत नाही. त्यामुळे काका आम्हांला पहिल्याच दिवशी पाण्यात उतरवतील, अशी आमची अपेक्षा होती. परंतु त्यांनी आम्हांला वाळूत बसविले, समुद्राकडे तोंड करायला लावले आणि नुसते पाहायला सांगितले. आमच्यातला एक धीट मुलगा चुळबुळ करू लागला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “अरे, उडी कोणय मारता. आधी बघूक शिक.” पुढचे कित्येक दिवस आम्ही केवळ पाहत होतो; आणि आज मागे वळून पाहताना मला निःसंशय वाटते, की जे शिकलो त्याचा गाभा त्या पाहण्यातच होता.

समुद्र वाचायचा म्हणजे काय वाचायचे? जिथे लाट पांढरी होऊन फुटते, तिथे खाली वाळूचा उंचवटा आहे, पाणी उथळ आहे, हे पहिले अक्षर. अशा दोन फुटत्या पट्ट्यांच्या मध्ये एखादी अरुंद, काळसर, जवळजवळ निस्तरंग वाट दिसते. बाहेरगावाहून आलेल्या माणसाला नेमकी तीच जागा सुरक्षित वाटते, कारण तिथे लाटा नसतात, आणि लेकराबाळांना घेऊन तो नेमका तिथेच उतरतो. परंतु लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले सारे पाणी समुद्रात परत जाण्यासाठी जो मार्ग शोधते, तो मार्ग म्हणजे ती काळी वाट. तिच्यातली ओढ कधी कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाते, आणि इतक्या वेगाशी जगातला अव्वल जलतरणपटूही समोरून झुंज देऊ शकत नाही. ती माणसाला खाली ओढत नाही, बाहेर नेते. माणूस बुडतो तो तिच्याशी झगडून थकल्यामुळे. म्हणून तिच्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय न मारता, तरंगत राहावे आणि किनाऱ्याला समांतर आडवे पोहत बाहेर पडावे, हा काकांचा पहिला धडा होता. दुसरा धडा याहून सूक्ष्म होता. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातल्या लाटा पुळणीची वाळू खरवडून समुद्रात नेतात, तिचे आत दांडे घालतात, आणि पावसाळा सरल्यावर तीच वाळू हळूहळू परत येते. त्यामुळे गतवर्षी ज्या ठिकाणी वाट होती, त्या ठिकाणी ती यंदा असेलच असे नाही. देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी तर भरती-ओहोटीनुसार पाण्याची चाल पालटते. म्हणजे हे वाचन एकदा शिकून संपणारे नव्हे, ते दर मोसमाला नव्याने करावे लागते.

तिसरा धडा मात्र मला त्या वयात भयावह वाटला होता. काका म्हणाले, “बुडणारो माणूस आराडना नाय रे, तो गप जाता.” नाटक-सिनेमांतून हात उंचावून ‘वाचवा, वाचवा’ ओरडणारा माणूस पाहिलेल्या आम्हांला हे पटेना. पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आले, की न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांच्या हालचालींचे बारकाईने निरीक्षण करून हेच प्रतिपादिले होते: ज्याचे तोंड क्षणभर पाण्यावर येते आणि पुन्हा पाण्याखाली जाते, त्याला तेवढ्या अवकाशात श्वास घ्यायचा असतो, ओरडायला सवड नसते, त्याचे हात दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात, ते हलवून कोणाला बोलावणे त्याच्या हाती उरत नाही, आणि हा सारा झगडा साधारण वीस सेकंदांपासून मिनिटभरात संपतो. आईबाप चार हातांवर उभे असतात आणि त्यांना वाटते, मूल खेळत आहे. काकांनी पिया यांचे नावही ऐकलेले नसावे. परंतु जहाजावर आणि किनाऱ्यावर काढलेल्या आयुष्याने त्यांना तोच निष्कर्ष दिला होता.

पाहणे शिकून झाल्यावर हातात दोर आला. रापणीचा जुना, पण भक्कम, काथ्याचा दोर. ज्यांनी रापण पाहिली आहे, त्यांना त्याचे सामर्थ्य सांगायला नको: होडीतून अर्धवर्तुळात टाकलेले प्रचंड जाळे, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि ते ओढणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या दोन रांगा. काकांनी आम्हांला त्याच दोराच्या टोकाला बोलाईन गाठ मारायला शिकविले. ती ताणाने आवळत नाही, सरकत नाही, आणि काम झाल्यावर सहज सुटते. डोळे बांधून, पाण्यात, पाठीमागे हात नेऊन, एका हाताने ती मारता आली पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. मग एक मुलगा कमरेला दोर बांधून लाटांच्या पलीकडे पोहत जाई, ‘बुडणाऱ्या’ सवंगड्याला काखेतून धरी, आणि काठावरची मुले दोघांनाही ओढून घेत. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी नेमकी हीच पद्धत चाकावर गुंडाळलेल्या दोराने सुरू झाली होती, आणि ६ फेब्रुवारी १९३८ च्या रविवारी तिथे एकामागून एक आलेल्या प्रचंड लाटांनी सुमारे २५० माणसे एकदम आत ओढून नेली, तेव्हा पाच जण दगावले आणि बाकीचे वाचले. त्या पद्धतीत एक धोका होता, तो काकांनीही हेरला होता: काठावरच्यांनी भयाने घाईघाईने ओढले, तर दोराला बांधलेला माणूसच लाटेखाली जातो. म्हणून ओढणाऱ्यांचा एक नायक असे, आणि त्याचा हात वर गेल्याशिवाय कोणी दोराला हिसका द्यायचा नाही.

आणि या साऱ्यात पाण्यात जाणे हा अखेरचा उपाय होता. आधी हात किंवा वल्हे पुढे करावे. ते न पोहोचले तर दोर फेकावा. तोही न पोहोचला तर होडी न्यावी. आणि यांतले काहीच शक्य नसेल तरच, तरंगणारे काही सोबत घेऊन, पोहत जावे. बुडता माणूस हाताला लागेल त्यावर चढतो, आणि रिकाम्या हाताने धावलेला वाचविणारा त्याच्याबरोबर जातो. एकाच्या मागे दुसरा, दुसऱ्याच्या मागे तिसरा, असे एकाच घरातले लोक गेल्याची वार्ता आपल्याकडे वर्तमानपत्रांत वारंवार येते. शौर्याविषयी आपल्या समाजाच्या ज्या कल्पना आहेत, त्यांच्याशी हे विसंगत असेल. पण माझ्या मते दोर हाती घेऊन काठावर स्थिर उभे राहणाऱ्याला अधिक धैर्य लागते.

बाहेर काढलेल्या माणसाला श्वास देण्याची जी रीत काकांनी शिकविली, ती होल्गर नील्सन या डॅनिश अधिकाऱ्याची, १९३२ सालची: माणसाला पालथे निजवून पाठ दाबायची आणि मग कोपर धरून हात वर उचलायचे. वस्तुतः एलम आणि साफर या अमेरिकेतील डॉक्टरांनी तोंडाने श्वास देण्याची श्रेष्ठता १९५०च्या दशकातच सिद्ध केली होती, आणि १९६० साली छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीतही प्रसिद्ध झाली होती. आमच्या वाडीपर्यंत ती पोहोचायला काळ लागला. मी शिक्षक झाल्यावर एका शिबिरात ती शिकलो आणि विद्यार्थ्यांना शिकवू लागलो. बुडालेल्याला मुख्यतः प्राणवायूची वाण पडलेली असते, म्हणून त्याला आधी श्वास द्यायचा, आणि मग ३० वेळा छाती दाबून २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत सोडायचा नाही. पोट दाबून पाणी काढण्यात जे क्षण जातात, ते परत मिळत नाहीत, हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितले आहे, की माझे जुने विद्यार्थी भेटले तरी प्रथम तेच म्हणून दाखवितात.

दरम्यान तारकर्ली-देवबागचा किनारा पालटला. पर्यटक आले, न्याहारी-निवासाच्या पाट्या लागल्या, स्कूबा डायव्हिंग शिकविणारी संस्था आली, आणि चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या राज्यस्तरीय स्पर्धा भरू लागल्या. काथ्याच्या दोराची जागा नायलॉनने घेतली, आणि जीवरक्षकाच्या खांद्यावर आता लाल रंगाची तरंगती नळी दिसते. ती काकांच्या दोराहून सर्वथा सरस आहे, हे मी आनंदाने मान्य करतो. परंतु १५ एप्रिल २०१७ रोजी वायरीच्या किनाऱ्यावर, जिथे आम्ही पाण्याकडे पाहायला शिकलो त्याच पुळणीवर, बेळगावहून आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. पंचनामे झाले, चौकशा झाल्या, फलक लागले. ती तरुण मुले, माझ्या वर्गातल्या मुलांच्या वयाची, त्या किनाऱ्यावर आनंदाने आली होती, हा विचार अजूनही मला शांतपणे झोपू देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा बुडण्यास प्रतिबंध करण्याचा जागतिक दिवस ठरविला. दिवस पाळले जावेत. पण माझी मागणी त्याहून साधी आहे. किनारपट्टीच्या प्रत्येक शाळेत आठवीपासून समुद्र वाचणे, दोर फेकणे आणि श्वास देणे यांचे शिक्षण सक्तीचे करावे, आणि जीवरक्षकांच्या नेमणुका हंगामापुरत्या न ठेवता बारमाही व पोटभर पगाराच्या कराव्यात. त्याची तरतूद करणे सरकारला अवघड नाही. आणि सहली घेऊन येणाऱ्या शिक्षकांना व लेकरांना घेऊन येणाऱ्या आईबापांना माझी हात जोडून विनंती आहे: पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला, आणि तो नसेल तर जाळे दुरुस्त करीत बसलेल्या कोणत्याही माणसाला, आज पाणी कसे आहे एवढे विचारा, आणि तो ‘नको’ म्हणाला, तर त्या दिवशी उतरू नका.