भारीट आणि पताका

इंग्रजीतील ‘बंटिंग’ हा एकच उच्चार दोन अर्थ वाहतो: ध्वजांचे विरळ विणीचे, मुळात लोकरी कापड आणि दाणे टिपणारा गाणारा पक्षी. २००२ च्या भारतीय ध्वजसंहितेत, २०२१ च्या दुरुस्तीपर्यंत, राष्ट्रध्वजाचे कापडही ‘खादी बंटिंग’च होते. पक्ष्याचे नाव मध्ययुगीन, कापडाचे अठराव्या शतकातले; दोहोंचे गोत्र एक असल्याचा पुरावा नाही. मराठीत ही गल्लत संभवतच नाही. तिच्यापाशी पताका निराळी, भारीट निराळा.

काळ्या डोक्याचा, पिवळ्या पोटाचा भारीट आग्नेय युरोप व पश्चिम आशियातून हिवाळ्यासाठी इकडे येतो आणि थव्याने ज्वारीच्या कणसांवर उतरतो. त्याला हुसकावण्यासाठी शेतकरी पिकावर दोऱ्या ताणून चिंध्या, अलीकडे चकाकत्या फिती, फडफडत ठेवतो. इंग्रजी कोशात शेजारी बसलेले दोन अर्थ शिवारात असे समोरासमोर उभे ठाकतात.

हे दृश्य इंग्रजीत नेले की आयता श्लेष हाती लागतो आणि वाचक हसतो. मूळ मराठीत मात्र हसण्याजोगे काही नसते; तेथे एकाच कणसावर राखणदाराचे पोट अवलंबून असते आणि पाखराचेही. ध्वनिसाम्यावर भाळणाऱ्या अनुवादकाच्या हातून नेमके हेच निसटते.